नत्थुजीने आधी जेवावे

मी पुंजाराम सनईवाला, राहणार उमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दडपणाशिवाय सांगतो. दम संपत आला आहे. अक्कल शाबूत आहे. लिहिणार हरिहर भटजी. त्यांनी माझे बोलणे सुधारू नये.

कलम पहिले. राहते दोन खणांचे घर पत्नी सुभद्रा हिचे. ते आजही तिचेच आहे. लग्नसराईत मी बाहेर असे, एरवी पाहुणा.

कलम दुसरे. मुलगा सहदेव याला सनई देऊ नये. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्याने सनई खुंटीला टांगून दलाली धरली. लढाई संपली, भाव बसला. आता तो सनई मागतो. पण त्याचा दम बाजारात ओरडण्यात गेला. त्याला माझा जरीचा फेटा द्यावा. तो दलालालाही शोभतो.

कलम तिसरे. घरातला तांब्याचा मोठा हंडा माझा नाही, वाजंत्री मंडळीचा आहे. मंडळी कशी झाली ते इथे सांगतो, कारण अकोल्याचे लोक वेगळे सांगतात.

तेजीच्या वर्षांत अकोल्याच्या भगवंतरावांकडे मुलीचे लग्न होते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. बैलांना सरकी मिळाली, वऱ्हाड्यांना वरण-पोळी, आणि आम्हाला निरोप, की वाजंत्र्यांनी शेवटी जेवावे. शेवटी म्हणजे उरले तर. नवरदेव घोड्यावर बसून वेशीपाशी आला. वाजंत्री वाजल्याशिवाय तो वेशीच्या आत येत नाही. मी सनई खाली ठेवली. ताशा थांबला, संबळ थांबला. मी भगवंतरावांना म्हणालो, आधी पान, मग तान. नवरदेव उन्हात घोड्यावर राहिला आणि आम्ही सावलीत पोटभर जेवलो. त्याच पंगतीत मंडळी झाली. उपाशी कोणी वाजवायचे नाही, हा तिचा एकच नियम. हंडा आम्ही पुढे वर्गणीतून घेतला.

एकच माणूस थांबला नव्हता. माझ्या सनईमागे सूर धरणारा नत्थुजी. आम्ही जेवत होतो आणि तो डोळे मिटून, गाल फुगवून तोच एक सूर धरून उभा होता. मी त्याला मंडळीतून काढले. म्हणालो, तुला काही कळलेच नाही.

तो म्हणाला, "डोये मिटले होते, नाक उघडं होतं. वरणाचा वास येऊनच राहिला होता. मी सूर सोडला असता तं भगवंतरावानं दुसरे वाजंत्री आणले असते. सूर चालू हाये म्हणून त्याले वाटलं, आता वाजवतीन, आता वाजवतीन. तुमी जेवले ते माह्या सुरावर."

मंडळीतल्या अकोल्याच्या वाजंत्र्यांना हे पटले. त्यांनी त्याला घेऊन वेगळी मंडळी केली आणि हंडा मागितला. आम्ही म्हटले, आधी नत्थुजीने माफी मागावी. ना त्यांना हंडा मिळाला, ना आम्हाला माफी. आता मंदी आहे. यजमान आमच्याकडे येतो. आम्ही जेवण मागितले की अकोल्याला जातो, तिथे मागितले की परत आमच्याकडे. शेवटी कोणीतरी उपाशी वाजवतो. मंडळी अशाने बुडेल.

कलम चौथे. माझ्या अंत्ययात्रेत सूर नत्थुजीनेच धरावा. त्याच्यानंतर मी बरेच ठेवून पाहिले. कोणी मध्येच श्वास घेतो, कोणी नवरीकडे पाहतो.

इथे अडचण येते. उपाशी वाजवायचे नाही हा नियम, आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही. हरिहर भटजींना विचारले. ते म्हणाले, शास्त्रात याला वाट नाही. सुभद्रा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मंग आधीच जेवू घाला त्याले."

म्हणून नत्थुजीने मी जिवंत असताना येऊन जेवावे. वरण त्याच हंड्यात शिजवावे. दोन्ही गावचे वाजंत्री एका पंगतीत बसवावेत, आणि पहिले पान नत्थुजीला वाढावे. तो जेवून उठला की हंडा दोघांचा आणि मंडळी एक. याला कोणी माफी समजू नये. हा नियम आहे.

कलम पाचवे. नत्थुजीस मी काही देत नाही. माझी सनई मात्र, त्याच्या सुरावर जो टिकेल असे तो सांगेल, त्याला द्यावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. हरिहर भटजींनी दोन जागी सुधारणा केली होती, ती काढायला लावली. भगवंतरावांविषयीचे त्यांनी मऊ केले होते.

मुक्काम उमरावती, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८९.

पुंजाराम, अंगठा.

साक्षीदार उत्तमराव ताशेवाले, उमरावती, अंगठा. पंगत माझ्यासमोर झाली.

साक्षीदार नत्थुजी, अकोला, अंगठा. याने सांगितले तसेच खाली लिहिले, सुधारले नाही. हरिहर.

"जेवलो. वरणात मीठ कमी होतं. सूर धरतो. पुंजारामानं घाई करू नये."