कुंडी वाढत नसते

अहो,
तुमचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून चिठ्ठी कुलपातच खोचतेय. कुलूप उघडू नका, आधी वाचा.

आईंना घेऊन मी आपल्या करुणाकडे बेलवलीला चाललेय. रुसून नाही, तेवढं सुख तुमच्या नशिबात नाही.

पलंगावर टांगलेल्या माझ्या जांभळ्या वेलीचा शेंडा उशीला टेकायचा, म्हणून मी पावसाळाभर खुडत होते. पानांवर पांढरी भुकटी दिसायची, ती रोग समजून ओल्या फडक्याने पुसायचे. आज चादर झटकताना कुंडीच कपाळाला लागली. वेल वाढते हो, कुंडी वाढत नसते. वर बघितलं, तर हुक स्लॅबसकट खाली झुकलाय. तुम्ही भरलेली पुट्टी तडकलीय, आणि वर जीन्सच्या मशिनी चालूच.

शेजारी सगळ्यांना सांगितलं. वरच्या कारखान्याचे वासवानी शेठ म्हणाले, "भाभी, डरो मत, चालीस साल पुरानी बिल्डिंग है." मला त्याचीच भीती वाटते.

रात्रपाळी करून तुम्ही बरोबर त्या कुंडीखाली झोपता. आज नको. कपडे घ्यायलासुद्धा आत जाऊ नका. वेल सोडवायला तर मुळीच नको, मी नुसता हात लावला तर वाळू सांडली. पाणीही घालायचं नाही, वजन वाढेल.

खुडलेले शेंडे बाटलीत घालून सोबत नेतेय, त्यांना मुळं फुटलीत. या वेळी कुंडी जमिनीवरच ठेवू. तुम्ही फक्त सरळ इकडे या.

विशाखा