घंटा माझ्या हाती

३ मार्च
नातीच्या जिम्नॅस्टिक्स क्लबला शनिवारच्या निवड-स्पर्धेसाठी बीमचा टाइमकीपर हवा होता. मी हात वर केला. कॉन्व्हेंटमध्ये तीन वर्षं बेल मॉनिटर होते. पितळी घंटेची ती लाकडी मूठ अजून तळहाताला आठवते. सिस्टर म्हणायच्या, ही पोरगी असली की घड्याळाला सुट्टी द्यावी. ह्यांनी विचारलं, आपलीच नात असताना जमेल का तुला? म्हटलं, त्या खुर्चीवर बसले की मी कोणाची आजी नाही.

४ मार्च
कोचबाईंनी नियम सांगितले. बीम म्हणजे कसरतीची आडवी तुळई, दहा सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. वेळ नव्वद सेकंद. ऐंशीला घंटा, नव्वदला पुन्हा. मुलगी पडली तर एक गुण जातो, आणि दहा सेकंदांत परत चढली नाही तर खेळच संपला. त्या दहा सेकंदांसाठी दुसरं स्टॉपवॉच, डाव्या हातात. पडू नये म्हणून बीम धरला, अर्धा गुण. तिच्या माणसांपैकी कोणी तिच्याशी बोललं, तरी तिचाच अर्धा गुण. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. बहुतेक माझ्या मागे बसलेल्या बाईंना ऐकू गेलं नसावं.

६ मार्च, सकाळी
अनुभव हवा म्हणून पॅसेजमध्ये खडूने दहा सेंटिमीटरची पट्टी आखली. चौथ्या पावलाला भिंत धरली. नात ओरडली, आजी, अर्धा गेला! फरशी उतरती आहे. गवंड्याला बोलवायला हवं.

संध्याकाळी
नात दूध पिता पिता हळूच म्हणाली, मागच्या वेळी पडले म्हणून टीमबाहेर राहिले, आताही एकच जागा आहे. म्हटलं, मला सांगू नकोस, मी अधिकारी आहे. मग तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या. वेण्या नियमात बसतात.

७ मार्च
ठराव: चेहरा दगडी. ओठ शिवलेले. नात कोण, मी कोण.

८ मार्च, शनिवार
स्पर्धा उत्तम पार पडली. पहिल्या सात मुलींच्या वेळी माझी एकही चूक नाही. आठवी आमची.
बासष्टाव्या सेकंदाला पडली.
पुढचं नीट आठवत नाही. कोचबाई म्हणतात, मी घंटेसकट धावले आणि ती हॉलभर वाजत गेली. लागलं का गं सोन्या, असं विचारलं म्हणे. मी मनात विचारलं होतं. दोन्ही स्टॉपवॉच खुर्चीखाली सापडली. मुख्य परीक्षकांच्या घड्याळाप्रमाणे नात नवव्या सेकंदाला परत चढली. माझ्याकडे न बघता. शेवटपर्यंत जराही डगमगली नाही.
जागा तीन दशांश गुणांनी गेली.
अर्धा गुण कशाचा कापला, ते घरी कोणी काढलं नाही.

९ मार्च
कालपासून पांघरुणात. ह्यांना सांगितलं, कणकण आहे. थर्मामीटर बिघडलाय, नॉर्मल दाखवतो.
चार वाजता नात आली, कमरेवर हात ठेवून. विचारलं, आजी, कधीपासून पडलीयस? म्हटलं, काल संध्याकाळपासून गं. तर म्हणाली, पडल्यावर दहाच सेकंद मिळतात.
भिंत धरून उठले. हा अर्धा गुण तरी माझाच गेला.