घरची हळद आणि माझ्या हिरव्या पेशी

भांडुप (प.)
रविवार दुपार, आई झोपलीय तोवर

प्रिय वनमालामावशी,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार (उजव्या गुडघ्याला जरा हळूच). गुडघा कसा आहे? काजूला मोहोर आला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे आई ठीक आहे आणि मी आहे. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आमच्या दीड खोलीत कुठेही उभा राहून बोललो तरी आईला ऐकू जातं. मेसेज केला तर तुझा प्रांजल तो मोठ्याने वाचून दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला खबर. ही गोष्ट वाडीला कळायच्या लायकीची नाही.

गणपतीत तू विचारलं होतंस, "मेल्या, सात वर्सां नुसते उंदीरच बघतस?" तोंडात मोदक होता म्हणून वाचलो. आता सांगतो. आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. तिथे येते तेव्हा पेशी जवळजवळ कोरी असते, तिचं अजून बरंच काही होऊ शकतं (मीही बारावीत असाच होतो). मग तिच्यातली काही प्रथिनं डीएनएवर जाऊन बसतात, कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद ते ठरवतात, आणि तिचं पुढचं आयुष्य लावून देतात. यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यातलं एक असं आहे की ते जागं झालं की पेशीला मागे फिरता येत नाही, ती टी पेशीच होणार. ते नेमकं कधी जागं होतं, एवढाच माझा सात वर्षांचा प्रश्न. त्यासाठी आमच्या मुलुंडच्या संस्थेत उंदरांची एक खास जात पाळलीय, त्यांच्यात ते जागं झालं की पेशी मशीनमध्ये हिरवी चमकते. थायमसमध्ये शंभरातल्या पंच्याण्णव पेशी नापास होऊन तिथेच मरतात, हेही सांगून ठेवतो. आमच्या विभागाचा निकाल याहून थोडा बरा आहे.

तर खंडेनवमीला आमच्या देवव्रत सरांनी (हे माझे गाईड, पुराव्याशिवाय चहा गरम आहे हेही न मानणारे) मशीनची पूजा करायची ठरवली. देवावर विश्वास नाही, पण पावसाळ्यात मशीन तीनदा बंद पडलं होतं, आणि कंपनीचा इंजिनिअर देवाहूनही कमी वेळा प्रकट होतो. हळद मी नेली, तू गणपतीत दिलेली, घरची. मशीनला पाच बोटं लावली, झेंडूचा हार घातला आणि हात पुसून कामाला लागलो. पुसून, मावशी. धुऊन नाही. त्याच पिवळ्या बोटांनी हातमोजे ओढून चढवले आणि पेशी ज्यात ठेवतात त्या द्रावणाची नवी बाटली बनवली.

त्या दिवशी माझ्या पेशी हिरव्या चमकल्या, जगाला ठाऊक आहे त्याच्या चांगल्या दोन दिवस आधी. आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. तुलनेसाठी घेतलेल्या साध्या उंदरांच्या पेशी काही चमकल्या नाहीत, म्हणून मी निर्धास्त. सात वर्षं मला नितीन म्हणणारे सर नितेश म्हणायला लागले. बारा तारखेला ते हैदराबादच्या परिषदेत माझा आलेख दाखवणार आहेत, आणि त्याच्यावरच माझा प्रबंध उभा राहणार आहे. आईने सोसायटीत पेढे वाटले. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यात माझा दहावीतला फोटो, खाली कॅन्सरवर औषध शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, बाजूला सतरा शुभेच्छुक गॉगल लावून. मी आयुष्यात कॅन्सरचं नावही काढलेलं नाही. उतरवा म्हणायला गेलो, तर त्यांनी मलाच फ्लेक्ससमोर उभं करून फोटो काढला.

मग बाटली संपली. नवी बनवली आणि हिरवं गेलं. तीन दिवस मी उंदरांवर संशय घेतला, मशीनवर घेतला, शेवटी ती रिकामी बाटली उचलली, तर झाकणाच्या आतल्या कडेला पिवळा डाग. आपली हळदसुद्धा मशीनच्या प्रकाशात हिरवी चमकते हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तुलनेच्या पेशी मी नवी बाटली वाचवायची म्हणून जुन्या उरलेल्या, हळदीचा हात न लागलेल्या द्रावणात ठेवल्या होत्या. म्हणजे सात वर्षांत मी एकच शोध लावला, तो म्हणजे तुझी हळद एक नंबर असते. मला रडू आलं गं. उंदरांच्या खोलीत जाऊन रडलो, तिथे कोणी काही विचारत नाही.

सरांना अजून बोललेलो नाही. नुसत्या डागावरून बोलणं म्हणजे अंदाज झाला. खात्री करायची तर हीच हळद, चिमूटभर, साध्या उंदराच्या पेशींवर टाकून बघायला हवी. चमकल्या तर माझी वाट लागली. नाही चमकल्या तर शोध खरा. मला बघायची भीती वाटते.

असो. गोळ्या चुकवू नकोस. काकांना नमस्कार, प्रांजलला काही सांगू नकोस.

तुझा,
नितेश

ता. क. : त्याच हळदीची एक पुडी कणकवलीच्या बसने पाठव. बाजारची चालणार नाही. आईकडची कधीच संपली म्हणते.

ता. क. २ : तुझ्याकडचीही संपली असेल तर तसं कळव, मी पुन्हा विचारणार नाही. शिल्लक असूनही संपली असं कळवलंस, तरी मी पुन्हा विचारणार नाही. लहानपणी माझ्यासाठी तू आईशी कितीदा खोटं बोललीस. हे शेवटचं समज.

ता. क. ३ : आई उठली. चहा होईपर्यंत मी सहज विचारलं, खरंच संपली का गं हळद? तिने पोह्यांच्या डब्यामागून तुझी पुडी काढून दाखवली, अर्धी भरलेली. माझ्या लग्नाच्या हळदीला राखून ठेवलीय. म्हणाली, आता डॉक्टर झालास की लागेलच. ती कपडे काढायला गॅलरीत गेली तेव्हा मी चमचाभर कागदात बांधून घेतली. उद्या दहा वाजता मशीन माझ्या नावावर आहे. तू काही पाठवू नकोस. बाकीची पुडी होती तिथेच ठेवलीय, घडी तशीच घालून.