बटण दाबून धरा

५ जुलै १९९३, सोमवार. परभणी.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पाटी रंगवून झाली. कालपर्यंत ‘नृसिंह टाइपिंग इन्स्टिट्यूट’ होतं, आजपासून ‘नृसिंह कॉम्प्युटर्स’. पेंटर बेअक्कल. खालचं ‘टाइपिंग’ नीट खरवडलं नाही, ऊन पडलं की परत दिसतं. सगळे टाइपरायटर भंगारात घातले. त्या खडखडीनं कान किटले होते. हैदराबादहून कॉम्प्युटर आणला. सेकंडहॅन्ड आहे, पण परभणीत फर्स्टहॅन्ड ओळखणारा आहे कोण?

८ जुलै.

उद्घाटन. सूतगिरणीचे डायरेक्टर भगवानराव आले. बायकोनं, कमलनं, ओवाळलं. भगवानरावांच्या हातून बटण दाबवलं. त्यांचं बोट जाड, त्यांनी ते दाबूनच धरलं, तर पडद्यावर J ची रांग लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका दाबात एवढं काम. टाइपरायटरला हे जन्मात जमलं नसतं. मग मोठं बटण दाबलं तर मशीननं इंग्रजीत ‘बॅड कमांड’ लिहिलं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, जबरदस्त हुकूम. लय खूश झाले.

माझा स्वतःचा हैदराबादला सात दिवसांचा कोर्स झालेला आहे. एका मशीनमागं पंधरा जण उभे असायचो. मी मागच्या रांगेत होतो. मागून एकंदर चित्र चांगलं कळतं.

१२ जुलै.

पहिली बॅच. सगळा खेड्यापाड्यातला माल. पिंगळी, पोखर्णी, एक जण तर सोनपेठहून एसटीनं येतो. चपला बाहेर काढा म्हटलं तर एकानं पायही धुतले अन् ओल्या पायानं सतरंजीवर आला. असल्या हातांत मशीन द्यायचं म्हणजे झालंच.

म्हणून पुठ्ठे. प्रत्येकाला एक पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं सगळी बटणं काढलेली. मशीन काचेच्या केबिनमध्ये. शनिवारी रांगेनं काचेतून दर्शन. पद्धत माझी स्वतःची, पुस्तकात नाही. बटणावर बोट दाबायचं आणि मी ‘हं’ म्हणेपर्यंत उचलायचं नाही. मशीनला विचार करायला वेळ लागतो. शिवाय दाबून धरल्यावर किती काम होतं ते भगवानरावांच्या वेळेला बघितलंच आहे.

२८ जुलै.

पिंगळीची सगुणा म्हणून एक मुलगी आहे. पॅसेंजरनं येते. बी.ए. झालेली, वडील मास्तर. अंगणवाडीची नोकरी सोडून कोर्सला आली आहे. कोणी सांगितलं होतं सोडायला? आज सगळ्यांसमोर विचारलं, सर, आमचा हात कवा लागायचा मशीनला. मी म्हणालो, आधी लायकी, मग हात. ती म्हणाली, लायकी हात लावल्याबिगर कशी कळंल.

यांना सगळं लवकर पाहिजे. आयतं पाहिजे. आम्ही तरी कुठं लगेच हात लावला होता? अजूनही मी एकटा असताना एकाच बोटानं लावतो, तेही खिशातली दस्ती मध्ये धरून.

१९ ऑगस्ट.

संकल्प. एक, रोज सकाळी तासभर मशीनवर सराव. दोन, इंग्रजी पुस्तक पान एकपासून वाचणे. तीन, बॅचमधल्या हुशार दोघांना दिवाळीनंतर दहा-दहा मिनिटं मशीन. चार, चहा कमी.

२० ऑगस्ट.

लाइट नव्हती. चहा झाला.

११ सप्टेंबर.

शनिवार, दर्शन. सगुणा काचेला नाक लावून उभी राहिली. काचेवर वाफेचा डाग पडला, तो मलाच पुसावा लागला. म्हणते कशी, पुण्यात म्हणं शाळंतली लेकरं ह्याच्यावर खेळतेत, अन् आमी फी भरून काचंतून बघायलोत. मी म्हणालो, पुण्याची पोरं लाडावलेली असतात, त्यांचं काय सांगतेस. तिच्या मागची पोरं हसली. कोणाला हसली ते नीट कळलं नाही. सगुणालाच असणार.

३० सप्टेंबर.

पहाटे भूकंप. सगळं घर हललं. मी धावत केबिनमध्ये गेलो आणि मॉनिटरला मिठी मारून उभा राहिलो. त्यामुळं मशीन वाचलं. कमल अंगणात एकटीच उभी होती. दुपारपर्यंत बोलली नाही. मी म्हणालो, तू धडधाकट आहेस, ते नाजूक आहे. मग संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

रेडिओवर किल्लारीकडच्या बातम्या लागल्या. जेवण गेलं नाही. क्लास बंद ठेवला.

६ ऑक्टोबर.

बॅचची पोरं मदतफेरीला गेली होती, धान्य अन् कपडे गोळा करायला. आज आली तर पुठ्ठे विसरून. सगुणाचा आवाज बसला होता. तिनं तरीही विचारलंच, मशीन कवा. खरं तर या वयात एवढी चिकाटी दुसऱ्या कशात दाखवली असती तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर. खंडेनवमी.

पूजा झाली. कमलनं मशीनला हळदीकुंकू लावलं, हार घातला. छान. नंतर सुरू करायला गेलो तर नुसतं गुरगुरलं आणि गप्प बसलं. फ्लॉपी घालायची ती फट बघितली तर आत लाल अक्षता. कमलला विचारलं. म्हणाली, तोंड उघडं दिसलं म्हणून घास घातला. बाईमाणसाला काय बोलायचं. स्वतःच्या बोटानं काढायला गेलो तर दाणे अजून आत गेले.

संध्याकाळी मशीन तापल्यासारखं वाटलं. त्याला विश्रांती पाहिजे. दोन दिवस देतो.

२६ ऑक्टोबर.

विश्रांती चालू आहे.

२ नोव्हेंबर.

नांदेडच्या मेकॅनिकला निरोप दिला. तो म्हणे, मशीन घेऊन या. मशीन एसटीत घालून नेऊ का मी? त्याची लायकी काय, तो बोलतो काय. दुसरा बघू.

केबिनला आतून पडदा लावला. बॅचला सांगितलं, व्हायरसची साथ आहे, गर्दीत पसरतो. एका पोरानं लगेच नाकाला रुमाल बांधला. असल्यांना काय शिकवायचं?

२२ नोव्हेंबर.

मोठी बातमी. भगवानरावांच्या सूतगिरणीत नवे कॉम्प्युटर आले, ऑपरेटरच्या दोन जागा. परीक्षा बारा जानेवारीला, थेट मशीनवर. माझ्या बॅचमधल्या चौघांनी अर्ज टाकले. सगुणा क्लास सुटल्यावर थांबली. म्हणाली, सर, एक तास द्या. फक्त एक तास. अंगणवाडीत माझ्या जागी दुसरी बाई लागली, परत जायला जागा न्हाई. माझी सगळी भिस्त याच्यावर हाय.

मी म्हणालो, बघू.

तसं तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण आज एकीला दिलं की उद्या सगळे मागणार. आणि व्हायरस आहेच.

६ डिसेंबर.

विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला क्लासमध्ये. मी म्हणालो, नाव बदलून काय होतंय, आत काय शिकवता ते बघा. सगुणा म्हणाली, मग तुमी पाटी कशाला रंगवली. मी म्हणालो, तो धंद्याचा विषय आहे, विषय बदलू नये. नंतर बराच वेळ चांगलं उत्तर आठवत बसलो.

२० डिसेंबर.

भगवानराव बाजारात भेटले. म्हणाले, परीक्षेच्या दिवशी तुमी पण या, आन् लाइट लय वरखाली होते, तुमचा स्टॅबिलायझर संगं आणा. म्हणजे परीक्षक मीच. उघड आहे, दुसरा आहे कोण जिल्ह्यात? स्टॅबिलायझर सोबत म्हणजे सगळं माझ्या देखरेखीखाली. शिंप्याकडं सफारी टाकली.

आता तर सगुणाला तास देणं बरोबरच नाही. परीक्षकानं पक्षपात करू नये. हे कारण तिला सांगितलं. ती नुसती पडद्याकडं बघत राहिली. मला ते आवडलं नाही.

४ जानेवारी १९९४.

खास तयारी घेतली. चौघंही पुठ्ठ्यावर तरबेज झाली आहेत. मी ‘हं’ म्हटल्याशिवाय बोट हलत नाही. सगुणाचं तर डोळे मिटूनही चुकत नाही. मनातल्या मनात तिला पास करून टाकलं. तोंडावर म्हणालो, ठीक आहे. फार कौतुक केलं की डोक्यावर बसतात.

१२ जानेवारी.

परीक्षा झाली. थोडक्यात लिहितो.

सफारी घालून, स्टॅबिलायझर रिक्षात घेऊन पोचलो. शिपायानं स्टॅबिलायझर आत नेला आणि मला चपला काढायला लावल्या. आत काचेची खोली. पुण्याहून आलेला एक पोरगा, मिसरूडसुद्धा धड नाही, गळ्यात टाय. मी हात पुढं केला. तो म्हणाला, काका, तुम्ही काचेबाहेर थांबा, आत धूळ नको. मी भगवानरावांकडं बघितलं. ते स्टॅबिलायझर कुठं ठेवायचा ते सांगत होते.

सगुणा पहिली. पाठ ताठ, बोटं जागेवर. मला अभिमान वाटला, ते लिहून ठेवतो. तिनं पहिलं बटण दाबलं आणि धरून ठेवलं. S ची रांग सुरू झाली. एक ओळ भरली, दुसरी भरली, सगळा पडदा भरत चालला. पुण्याचा पोरगा काहीतरी म्हणत होता, पण ती बोट उचलेना. काचेतून माझ्याकडं बघत होती. मी ‘हं’ म्हणायची वाट बघत होती.

मी म्हटलं. काच जाड होती.

बाकीच्या तिघांनीही तेच केलं. शेवटच्याच्या वेळेला पुण्याचा पोरगा हसून हसून खुर्चीत बसला. विचारलं, कोणत्या क्लासची तुम्ही सगळी? चौघांनी काचेकडं हात केला. मग मला आत बोलावलं. म्हणाला, काका, तुम्हीच दाखवा. बसलो. मान ताठ ठेवली. दाबून धरलं. पूर्ण ओळ आली. मी म्हणालो, बघा, ताकद आहे मशीनमध्ये. भगवानराव खाली बघायला लागले. पोरगा आता हसत नव्हता. हळूच माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, काका, हात लावू नका.

निवड झाली एका पुण्याच्याची आणि एका औरंगाबादच्याची. दोघांच्याही घरी कॉम्प्युटर आहे म्हणे. मग नोकरी तरी कशाला पाहिजे त्यांना?

छातीत जळजळ होते आहे. अपमान वगैरे काही नाही, तिथली भजी तेलकट होती. स्टॅबिलायझर तिथंच राहिला.

१४ जानेवारी. संक्रांत.

कमलनं तिळगूळ दिला. रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी. गल्लीत फटाके वाजले, पलीकडच्या वस्तीत पेढे वाटले, एक पेढा आमच्याकडंही आला. खाल्ला. क्लासला कोणी आलं नाही. सणामुळं असेल.

दुपारी बाहेर उभा राहिलो. पाटीवर ऊन पडलं होतं. ‘टाइपिंग’ अगदी स्पष्ट दिसत होतं.

१५ जानेवारी. किंक्रांत.

बॅच आली नाही. सगुणा एकटी आली, हातात पुठ्ठा. बसली नाही. म्हणाली, सर, आता परीक्षा झाली. आता पक्षपात न्हाई. एकदा मशीन दाखवा.

नाही म्हणायला कारण शोधलं. व्हायरसही जुना झाला होता. पडदा बाजूला केला, कुलूप काढलं. ती चपला काढून आत आली. मी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि गप्प बसलं. ती वाकून त्या फटीत बघायला लागली. अक्षता अजून लाल होत्या.

म्हणाली, कवापासून?

मी म्हणालो, दसऱ्यापासून. तोंडातून खरं निघून गेलं.

मला वाटलं ओरडेल. रडेल. ती मशीनच्या काळ्या पडद्यात बघत उभी राहिली, त्यात आम्ही दोघंच दिसत होतो. मग म्हणाली, सांगायचं होतं, सर. आमी नांदेडच्या क्लासला गेलो असतो. उधार-उसनवार करून गेलो असतो. मी अंगणवाडी सोडली होती. एवढंच. आवाज चढवला नाही. जाताना म्हणाली, पुठ्ठा तुमचा हाय, ठेवून जाते.

मुलगी उद्धट आहे. हे आधीच लिहून ठेवायला पाहिजे होतं.

नवा संकल्प. एक, नांदेडला मशीन घेऊन जाणे. दोन, स्टॅबिलायझर परत आणणे. तीन

पुठ्ठा टेबलावर आहे. S च्या जागी बोटानं घासून घासून खड्डा पडला आहे, खालचा पांढरा कागद दिसतो. सहज तिथं बोट ठेवलं. दाबून धरलं. कमल स्वयंपाकघरात होती. ‘हं’ म्हणणारं कोणी नव्हतं.