माजींच्या माहेरचं झाड

३ फेब्रुवारी, सोमवार

हाताला चार ठिकाणी काटे रुतले, तरी खूश! किशनलालशेठ राजस्थानातलं लग्न उरकून काल इथे खापर गावी परतले. येताना गोणपाटात गुंडाळलेलं एक काटेरी रोप आणलं. केर म्हणतात त्याला. माजींच्या माहेरचं. माजी म्हणजे शेठजींच्या आई, बदामबाई. वय ब्याऐंशी, पण बंगल्यात हुकूम त्यांचाच! लग्न होऊन इथे आल्या त्याला साठ वर्षं झाली, अहिराणी माझ्याहून फाकडी बोलतात.

रोपावरून हात फिरवत म्हणाल्या, "हाई मन्हा माहेरनं झाड शे, पितांबर. तुन्हा हातमा देस." बारा वर्षं इथे माळीकाम करतोय, पण माजींनी स्वतःची म्हणून एखादी वस्तू माझ्याकडे पहिल्यांदाच सोपवली. जिवापाड जपणार.

७ फेब्रुवारी

लिंबावर अळ्याच अळ्या. घर जैनांचं, त्यामुळे मुंगीसुद्धा मारायची नाही. फवारणीचा पंप गेटच्या आत येत नाही. एकेक अळी वेचून डब्यात भरली आणि ओढ्यापलीकडच्या बेलावर सोडून आलो. परत येऊन पाहतो तर एक माझ्या कॉलरवर! ती तेवढी माझ्याबरोबर घरी परत आली.

१२ फेब्रुवारी

केराला अजून एकही पान नाही. नुसत्या काड्या. पाणी दोन वेळा सुरू केलं. आम्ही तापीकाठचे, केळीच्या बागेत वाढलेलो. झाड मलूल दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो.

२० फेब्रुवारी

काड्या पिवळ्या पडल्या. आता तीन वेळा पाणी. सरला डबा घेऊन आली होती, आळं बघून ओरडलीच, "ते केळ शे का? बुडाडी टाकशात त्याले!" बायकोला झाडांतलं काय कळतं!

२ मार्च

मेलं. मुळांना वास यायला लागला होता. माजी जैन स्थानकात प्रवचनाला गेल्या तेवढ्यात उपटलं आणि मागच्या भिंतीपलीकडे, विटांच्या चुऱ्यावर फेकलं. नंतर हात किती वेळ धुतले तरी बरं वाटेना. साठ वर्षांनी माहेरची एक गोष्ट आली आणि ती मी महिन्यात कुजवली!

उद्या सांगतो.

३ मार्च

नाही सांगितलं.

६ मार्च

रिकाम्या आळ्यावर गोणपाट टाकून ठेवलंय. माजींनी विचारलं, "कसं शे मन्हं झाड?" मी म्हणालो, "उन्हाचं झाकलंय, माजी." सरळ खोटं! त्या पुढे चालू लागल्या. हल्ली रोज सकाळी काठी टेकत मागच्या भिंतीकडे फिरायला जातात. तिकडे हवा चांगली म्हणे. विटांच्या चुऱ्यात कसली हवा?

निंदणीला येणाऱ्या रूपलीबाईला मात्र सगळं सांगून टाकलं. ती होळीला गावी, धडगावकडे जाणार आहे. "तिकडून काटेवालं झाड आण," म्हटलं.

१८ मार्च

रूपलीबाई आली! मांडीवर करवंदाचं रोप घेऊन सबंध घाट उतरली. "जीपमधले सगळे मला शिव्या देत होते. काटा पाहिजे ना तुला? घे काटा!" आळ्यात लावलं. झकास हिरवंगार दिसतंय.

१९ मार्च

"बघा माजी, पानं फुटली!" असं ऐटीत म्हणून गोणपाट ओढलं. माजी वाकल्या. एकेक पान बोटांत धरून पाहिलं. मग जे हसू फुटलं! पदर तोंडावर धरला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. "तुन्हा हातले जस शे, पितांबर!"

माझ्या हाताला यश म्हणे! केवढा आनंद झाला बिचारीला! मला मात्र जेवण गेलं नाही. सरला म्हणाली, "सांगी टाका." तिचं एकदा ऐकलं नाही, त्याचं काय झालं ते दिसतंयच.

२९ मार्च

लिंबावर पिवळीकाळी फुलपाखरं भिरभिरतायत. माझ्याच अळ्या असणार! पंख फुटल्यावर आल्या चौकशीला.

रूपलीबाई भिंतीमागचा कचरा काढायला निघाली, तर माजींनी तिला चक्क दटावून परत पाठवलं. वय झालं की माणूस कशातही जीव गुंतवतो.

६ एप्रिल, रविवार

आज सांगायचंच, असं ठरवून झारीसकट भिंतीमागे गेलो. माजी विटेवर बसल्या होत्या. समोर दगडांचं गोल कडं, आणि त्यात मी फेकलेला केर उभा! काड्या हिरव्यागार, एका टोकाला लाल कळी. माजी वळल्यासुद्धा नाहीत.

"केरले पानं नही ऱ्हातस, येडा. आनी आठे पाणी नको टाकजो."

मी झारी पाठीमागे लपवली.