मोठी लीग आमचे शहर बघून गेली

केलर्सबर्ग, इंडियाना
मंगळवार, १४ ऑगस्ट १९९०, दुपारचे २ वाजून ४० मिनिटे (धावफलकामागच्या फळीवर बसून, शून्यांच्या पाट्या ओल्या फडक्याने पुसता पुसता)

आदरणीय क्लेटसमामा,

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, इर्मामामींचे टोमॅटो यंदा तरी हरणांच्या आधी तुमच्या पानात पडले असतील, आणि मागच्या पत्राला उत्तर आले नाही ते केवळ टपालखात्यामुळे, असे धरून चालतो. मी ठीक आहे. झोप लागत नाही, पण ती मला चांगल्या दिवसांतही लागत नसे.

आमच्या शहराला मोठ्या बेसबॉल लीगमध्ये जायचे आहे, हे तुम्ही वाचलेच असेल. लीगला दोन नवी शहरे हवी आहेत आणि अकरा शहरे रांगेत उभी आहेत. अटी अगदी साध्या. प्रवेशाचे नऊ कोटी डॉलर आपण भरायचे, मैदान आपण बांधायचे, आणि मग जुने संघ आपापले चांगले खेळाडू कडीकुलपात ठेवून उरलेल्यांतून आपल्याला निवड करू देणार. म्हणजे लग्नाचा खर्च आपला आणि नवरा सगळ्यांनी नाकारलेला. तरी मिरवणाऱ्यांना तोटा नाही. त्यांत सर्वांत पुढे श्री. ड्वाइट प्रुइट, गाद्यांच्या सात दुकानांचे मालक. (यांनी आयुष्यात एक सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. गर्दीच्या आधी गाडी बाहेर काढता यावी म्हणून नऊपैकी सातव्या डावात उठतात.)

माझे अक्षर बरे म्हणून हंगामभरासाठी खुर्च्या घेऊ म्हणणाऱ्यांची नावे गोळा करायला त्यांनी मला धाडले. मी २१४ नावे आणली, प्रत्येकाला स्पेलिंग दोनदा विचारून. (एक बाई म्हणाल्या, “अरे बाबा, माझ्या लग्नातसुद्धा कुणी एवढं विचारलं नव्हतं!”) मग शहराचा ११२ पानी अर्ज माझ्याकडे तपासायला आला. मी ४१ चुका काढल्या. शाबासकी मिळाली. त्यानंतर, पान खराब झाले नाही ना हे पाहायला, मी तो पुन्हा वाचला, आणि या खेपेस नजरचुकीने अर्थही वाचला. पान ८७: मोठा संघ येईल त्या दिवशी पन्नास मैलांच्या आतल्या लहान संघाने आपले बिऱ्हाड हलवावे. मामा, पन्नास मैलांच्या आत एकच लहान संघ आहे. आमचा, केलर्सबर्ग मिलर्स. त्याच्याच फलकामागे मी नऊ वर्षे आकडे टांगतो आहे, आणि दहावीतून शाळा सोडलेल्या माणसाला आकडे टांगण्याची नोकरी देशात आणखी कुठे मिळते हे मला ठाऊक नाही.

मी धावत आमचे प्रशिक्षक कॅझिमिर डुबित्स्की यांच्याकडे गेलो. वय अडुसष्ट, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. त्यांनी पान ८७ वाचले आणि विचारले,

“चुका सगळ्या दुरुस्त केल्यास ना?”

“हो.”

“शाब्बास. फाशीच्या दोराची गाठ तरी नीट बसेल.”

रविवारी लीगची समिती शहर बघायला आली. तिघेही संघांचे मालक. एकाने संघ सोडावॉटरच्या पैशांवर घेतलेला, दुसऱ्याने वाहनतळांच्या, तिसऱ्याने वडिलांच्या. बेसबॉलशी तिघांचा संबंध एवढाच. प्रुइटसाहेबांनी तिकिटे फुकट आणि हॉट डॉग दहा सेंटला केले, तेव्हा अकरा हजार माणसे आमच्याच मैदानावर लोटली. मी मनात म्हणत होतो, देवा, यांना कंटाळा येऊ दे. पण पहिले दोन डाव सगळे घसा फुटेस्तोवर ओरडले. आणि मग आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, टोबी रेंडन, जो एरवी पाहुण्या संघाला पोटभर फटके वाढतो, त्याने पहिल्या डावापासून एकही फटका दिलेला नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आले. तिसरा डाव शून्य, चौथा शून्य, पाचवा शून्य.

सबंध सामन्यात एकही फटका न देणे हा पिचरच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येणारा योग; अशा वेळी काय पाळायचे ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्या शेजारी बसायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, आणि ते शून्य तर उच्चारायचेच नाही, नाहीतर दृष्ट लागते. आमचे लोक त्याहून कडक, जागासुद्धा बदलत नाहीत. सहाव्या डावात अकरा हजार माणसे श्वास रोखून बसली होती. पहिल्या रांगेतल्या एकाच्या कोपरावरून हॉट डॉगवरची मोहरीची चटणी ओघळत होती, पण चौथ्या डावापासूनच ओघळत होती म्हणून त्याने ती पुसली नाही. समितीला यातले काय कळणार? कर्ण्याचा माइक चालू राहिल्याने सोडावॉटरवाल्यांचा प्रश्न मैदानभर ऐकू आला: “काय हो प्रुइट, हे लोक जिवंत आहेत ना?”

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू! पण प्रुइटसाहेबांनी माइक ओढून घेतला. “मित्रहो! आपल्या टोबीने अजून एकही फटका दिलेला नाही! होऊ द्या की आवाज!”

अकरा हजार माणसे एकदम कण्हली. पुढचाच चेंडू ठाण्‌कन माझ्या फलकावर येऊन आदळला. मी स्वतःच्या हाताने फटक्यांच्या रकान्यातले शून्य उतरवले आणि एक टांगला.

मग काय, हॉट डॉग दहा सेंटला असल्याने दारूगोळा मुबलक होता. एका आजीबाईंनी तर थर्मास फेकला. डुबित्स्की जाळीवर चढून ओरडत होते, “खाली ये, गादीवाल्या! तुझ्या एका गादीत स्प्रिंग ठेवणार नाही!” खेळ नऊ मिनिटे बंद पडला. आणि समिती? टायवर मोहरी घेऊन तिघेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. असा उत्साह म्हणे उरलेल्या दहा शहरांत कुठेच नाही. त्याच रात्री बातमी आली: यादीत आमचे शहर पहिले.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
वेंडेल कुझ्मा

ता. क. तुम्ही बेल्टनच्या जत्रा समितीचे अध्यक्ष आहात. वासरांचे प्रदर्शन भरते ते मैदान वर्षाचे एक्कावन्न आठवडे रिकामे असते. आमच्या महापालिकेपासून तुमच्या बैलांच्या गोठ्यापर्यंत त्रेपन्न मैल भरतात, मी तीनदा मोजले. मिलर्सना तिथे जागा द्यावी असा अर्ज सोबत जोडला आहे, फक्त तुमची सही हवी. संघ आपला फलक घेऊन येईल आणि फलकवालाही. (तो फार जेवत नाही.)

ता. क. २. डुबित्स्कींना कळू देऊ नका, पण मोठ्या संघाच्या खुर्च्यांच्या नोंदणीची खिडकी काल उघडली आणि मी पहाटे साडेपाचपासून रांगेत होतो. सहावी रांग, पहिल्या बेसच्या मागे. तेव्हा मोठा संघ इथे खेळेल त्या दिवशी बेल्टनला सामना ठेवू नये, फलक चालवायला माणूस नसेल. भरले ५० डॉलर. भरायचे ७६०. हातात ३१, त्यातून या पत्राची तिकिटे ४५ सेंट (अर्ज जड आहे). बाकीचे तुमच्याकडून उसने मिळाले तर बरे.