साहेबासाठी घातलेला मांडव

मु. पिंपळदरी, नजीक मानोरा
माघ शुद्ध षष्ठी, शके १८५०

तीर्थरूप उकंडरावमामा, मुक्काम केनवड, यांच्या चरणी भाचा जगदेव याचा दंडवत. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. त्यावर भरवसा ठेवू नये. चतुरामामींचा गुडघा कसा आहे? आपला खोकला गेला का? (गेला नसल्यास अडुळसा घ्यावा. आमच्या डोंगरावर पुष्कळ होता.)

आमच्या गावामागचा डोंगर तोडीच्या ठेक्याने लिलावात निघणार अशी दवंडी दसऱ्याला पिटली गेली. त्या डोंगराच्या झिऱ्यावर आमचे गाव आणि पलीकडचा तांडा जेठापर्यंत पाणी पितात. झाडे गेली की झिरा गेला. म्हणून आम्ही डोंगर राखायची कमिटी काढली. चिटणीस मी (चौथी पास दुसरा कोणी सापडला नाही). असे डोंगर कायद्यानेच राखीव व्हावेत, त्यांना कुऱ्हाड लागू नये, असा अर्ज नागपूरच्या कौन्सिलाला करायचे ठरले. दोन महिने मी गावोगाव पायी हिंडलो. फय्याजभाई दुकानदाराने अंगठ्यांसाठी शाई फुकट दिली आणि स्वतःची सही तीन ठिकाणी ठोकली. अनसिंगच्या बाजारात माझी दौत पाहून बायांनी मला देवी टोचणारा समजून पोरे लपवली. तांड्याचा नाईक सोमला तर अंगठाच देईना. म्हणे, "कायदा आला का पयले आमालेच हाकलीन. डोंगर राखाचा त राखा नं, कागद कायले पायजे?" आता अशा अडाणी माणसापुढे डोके किती फोडावे!

तरी तीनशे अकरा अंगठे गेले आणि मामा, नवल म्हणजे उत्तर आले. डोंगर पाहायला जंगलाचे साहेब येणार. त्यांनी चांगले लिहिले तर लिलाव थांबणार आणि कायद्याची गोष्ट पुढे सरकणार.

आता एवढा पाहुणा येणार आणि मांडव नाही, ही नाचक्की आपल्या वऱ्हाडात कोण सोसेल? गावाने मांडव घालायचे ठरवले. खांबांना बल्ल्या कुठून आणायच्या? डोंगर जवळच होता. साहेबाची मोटर वर चढावी म्हणून गावाने रस्ता काढला. पाटलोण फाटू नये म्हणून गावाने झुडपे साफ केली. वर गेल्यावर साहेबाला जंगल नीट दिसावे म्हणून गावाने मधली झाडे काढली. एवढ्या एकजुटीने राबणारे गाव मी जन्मात पाहिले नव्हते; डोळ्यांत पाणी आले. जांभळीच्या डहाळ्यांच्या पाच कमानी झाल्या. शेवटची डोंगराच्या टोकावर, तिच्यावर फय्याजभाईने लिहिले होते, 'झाड तोडू नये'.

साहेब आले. मांडवात बसले, हार घालून घेतला, शिरा खाल्ला. मग वर चढून चौफेर पाहिले आणि मला म्हणाले, "जंगल किधर है?" मामा, मी खाली मांडवाकडे बोट दाखवले (दुसरे काय दाखवणार?).

काल कागद आला. येथे राखण्याजोगे काही आढळले नाही, लोक मात्र फार अगत्याचे आहेत, असा शेरा आहे. होळीनंतर लिलाव. झिऱ्यावर बाया अजून घागरी भरतात आणि मी तोंड चुकवून लांबच्या वाटेने जातो. घरात आपली भाचेसून कस्तुराबाई माझ्याशी बोलत नाही. भांडली असती तर बरे झाले असते.

मामींना नमस्कार सांगावा. पोरांना हे पत्र वाचून दाखवू नये, ती हसतील.

आपला नालायक भाचा,
जगदेव

ता. क. खरे काम राहूनच गेले. लिलावात आपण बोली लावावी, ठेका आपल्या नावावर घ्यावा आणि एकही झाड तोडू नये. हा धंदा आपल्याला मूर्खपणाचा वाटेल, आहेच. पण मला दुसरा माणूस दिसत नाही.

दुसरा ता. क. वर जिथे जिथे 'गावाने' लिहिले आहे, तिथे 'जगदेवने' वाचावे. मांडव, रस्ता, मधली झाडे, सगळे डोके माझेच. आज सकाळी उरलेली झाडे मोजायला निघालो, तर चढणीवर सोमला आणि तांड्याची दहा माणसे काठ्या घेऊन बसलेली. आठ दिवसांपासून पाळीपाळीने बसतात म्हणे. मी राम राम केला. सोमला उठला, पण वाट सोडायला नव्हे. म्हणाला, "जगदेवभाऊ, कमिटीवाल्याले वर जायाची मनाई हाये. उतरा खाली."

मी उतरलो.